लघवी तपासणाऱ्या दामलेबाई

डोंबिवलीत त्या काळी कोणाला लघवी होत नसे. होत असणार, पण तसं कोणी म्हणत नसे. पुरुष 'जरा जाऊन येतो' म्हणत, शाळेतली पोरं करंगळी वर करत आणि बायका काहीच म्हणत नसत. जळजळ झाली तर 'उन्हाळी लागली', मग ती ऐन जानेवारीत का लागेना. घरात धणे-जिऱ्याचं पाणी व्हायचं, सब्जा व्हायचा, गुलकंद व्हायचा, आणि एवढ्यानं भागलं नाही की मंडळी आमच्या दवाखान्यात यायची. तिथेही माणूस डॉक्टरांसमोर पाच मिनिटं हवापाण्याचं बोलणार, नाडी दाखवणार, जीभ दाखवणार, आणि उठता उठता माझ्या, म्हणजे कंपाउंडरच्या, कानाशी येऊन सांगणार, "कुलकर्णी, ते जरा... तिकडचं आहे." तिकडचं म्हणजे कुठचं, हे मला पुस्तकात कोणी शिकवलं नव्हतं. सरावानं कळायला लागलं.

अशा या गावात स्टेशनच्या पूर्वेला, एका चाळीच्या तळमजल्यावर, अगदी रस्त्याकडे तोंड करून एका बाईनं पाटी लावली: 'येथे लघवी तपासून मिळेल. श्रीमती वे. ग. दामले.' अक्षरं चांगली वीतभर, काळ्या रंगात. पहिला आठवडाभर लोक समोरच्या फुटपाथवरून जायला लागले. चाळीचे मालक धर्मभीरू गृहस्थ. ते रीतसर टोपी घालून बाईंकडे गेले आणि म्हणाले, "पाटी काढा असं माझं म्हणणं नाही. पण निदान 'मूत्र' लिहा. संस्कृतात जरा बरं दिसतं." बाई सूक्ष्मदर्शकातून डोकं वर न काढता म्हणाल्या, "तुम्हाला संस्कृतात होते का?" मालक जे गेले ते परत कधी पाटीबद्दल बोलले नाहीत.

मला या बाईंचा पहिल्या दिवसापासून राग होता, ते कबूल करायला हवं. त्या यायच्या आधी आमच्या दवाखान्यात लघवी मीच तपासत असे. म्हणजे काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर उकळत असे. पांढरं धुकट दिसलं की गंभीर चेहरा करायचा, नाही दिसलं की 'ठीक आहे' म्हणायचं. सात-आठ वर्षं माझं हे शास्त्र बिनबोभाट चाललेलं, आणि ही कोण कुठली विधवा बाई मुंबईच्या कुठल्याशा इस्पितळात बारा वर्षं काम करून येते आणि माझा मान काढून घेते, हे मला कसं सहन व्हावं? मी ठरवलं, बाईंची परीक्षा घ्यायची. सकाळी घरचा चहा गाळून गार केला, त्यात पाणी घातलं, रंग बेताचा जमवला, बाटलीत भरला आणि 'गणपत, वय चाळीस' अशी चिठ्ठी लावून पाठवून दिला. संध्याकाळी रिपोर्ट आला. बाईंचं अक्षर मोत्यासारखं. 'नमुना चहाचा आहे. गुळाचा. दूध नाही. गणपतला सांगा, पुढच्या वेळी आलं घालून पाठव.'

दुसऱ्या दिवशी मी निमूट माफी मागायला गेलो. त्यांनी मला चहा दिला. ज्या दिव्यावर नळ्या उकळत, त्याच दिव्यावर, काचेच्या भांड्यात केलेला. मी भांड्याकडे बघत राहिलो तशा त्या म्हणाल्या, "प्या. तीनदा उकळलंय ते. तुमच्या स्टेशनवरच्या कपापेक्षा सोवळं आहे." मी डोळे मिटून प्यायलो. पुढची कित्येक वर्षं त्या खोलीत चहा पिणारा डोंबिवलीतला मी एकटाच होतो.

बाई पन्नाशीच्या. ठेंगण्या, पाठ ताठ, पांढरं पातळ, जाड भिंगांचा चष्मा. वीज असली तरी तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. सूक्ष्मदर्शकाखालचा आरसा खिडकीकडे वळवून ठेवलेला, आणि काम करायचं ते खिडकीतल्या उजेडावर, दुपारी तीनच्या आत. आभाळ आलं तर 'आज दिसत नाही, उद्या या' अशी पाटी. टेबलाच्या कडेला हातानं फिरवायचं एक यंत्र पक्कं बसवलेलं. त्यात नळ्या घालून बाई दांडा गरागरा फिरवत, म्हणजे जो काही गाळ असेल तो तळाशी बसे. मग त्यातला थेंब काचेवर घेऊन एक डोळा मिटून बघत. पू असला की त्यांच्या कपाळावर एक आठी पडे. मी त्या आठीवरून निदान करायला शिकलो होतो.

"मी माणसं बघत नाही," त्या म्हणत. "बाटली बघते. माणसं खोटं बोलतात. बाटली बोलत नाही."

बाटल्या तरी काय एकेक. लोकांना वाटे, कुठलीही चालते. खोबरेल तेलाची यायची, काकवीची यायची, गुलाबपाण्याची यायची. एक मुख्याध्यापक शाईच्या दौतीतून घेऊन आले. बाईंनी बाकीचे रकाने नीट भरून खाली लिहिलं, 'शाई: भरपूर.' आणायची पद्धतही ठरलेली. बाटली कागदात, कागद फडक्यात, फडकं पिशवीत, पिशवीवर मेथीची जुडी. बायकोची बाटली नवरा आणणार आणि 'शेजाऱ्यांची आहे' म्हणून सांगणार. एका गृहस्थांनी विचारलं, "रिपोर्टवर हिचं नाव न घालता चालेल का?" बाई म्हणाल्या, "चालेल. औषधही नाव न घालता घ्या. कोणालाही लागू पडू दे."

आणि तपासणी म्हणजे परीक्षाच असं समजणारे तर किती! आदल्या दिवशी मुलाला बदामाचा शिरा घालून, लवकर निजवून, सकाळी अंघोळ घालून मग बाटली भरायची. का, तर चांगली यावी. एका कारकुनानं मुलाचा रिपोर्ट हातात घेतला, तर खालपर्यंत सगळीकडे 'निल, निल, निल'. त्याचा चेहरा उतरला. "बाई, एवढं सगळं तपासून एकात पण काही नाही? अभ्यासात बरा आहे हो." बाईंनी त्याला पेढे वाटायला सांगितलं. तो खरोखरच वाटून आला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता आमच्या डॉक्टरांबद्दल सांगायला हवं. डॉक्टर सबनीस माणूस वाईट नव्हता. त्यांनी मनगट धरून डोळे मिटले की रोग्याला निम्मं बरं वाटे. पण त्यांच्याकडे रोग मोजके. मांडीवरच्या मुलाला ताप आला तर दात. पळत्या मुलाला आला तर जंत. मोठ्या पुरुषाला मलेरिया आणि बाईमाणसाला वीकनेस. लहान मुलाचा ताप लघवीतल्या पुवामुळेही असू शकतो, मुलाला सांगता येत नाही म्हणून तर बाटली बघायची, असं दामलेबाई त्यांना चिठ्ठ्या लिहून कळवत. डॉक्टर त्या चिठ्ठ्यांत पुड्या बांधायला लावत. बाईंनी एकदा मला विचारलं, "कुलकर्णी, तुमच्या डॉक्टरांचा विचार घ्या बरं. कवळी बसवलेल्या माणसाला ताप आला तर तोही दातांमुळेच का?" मी हा निरोप पोचवला नाही. माझीही नोकरी होती.

बाईंचा बाटलीवरचा विश्वास पुढे फार वाढला, त्याला आमच्या आळीतला जोशी कारणीभूत. जोशी सेक्रेटरिएटमध्ये होता आणि त्याला विम्यासाठी लघवी तपासून हवी होती. त्याच्या मोरीत मुंग्या लागत, हे सगळ्या चाळीला माहीत होतं. आपल्यात साखर निघणार या भीतीनं त्यानं शक्कल लढवली. त्याचे सासरे, निवृत्त मामलेदार, त्याच्याकडे राहायला आलेले. गडी सत्तरीचा, पण रोज सूर्यनमस्कार घालणारा, ताठ. जोशानं सासऱ्यांना काहीतरी सांगून त्यांची बाटली भरून घेतली आणि स्वतःच्या नावानं दिली. बाईंनी तपासलं. साखर नाही. पण पू इतका, की मोजायचं सोडून दिलं.

"करताना आग होते का?" बाईंनी विचारलं.

"मला? छे हो."

"रात्रीतून पाच-सहा वेळा उठता?"

"नाही बुवा."

"मग ज्यांची आहे त्यांना जाऊन विचारा."

जोशी पांढराफटक. घरी जाऊन चाचरत विचारलं, तर खरोखरच मामलेदारांना सहा महिने आग होत होती. जावयाच्या घरी बोलायचं कसं, म्हणून म्हातारा रात्री चवड्यांवर मोरीत जायचा आणि तोंडात पंचा धरून उभा राहायचा. औषध चालू झालं, महिनाभरात बरा झाला. मान्य मात्र शेवटपर्यंत केलं नाही. 'रोग जावयाचा आणि गोळ्या मला' असं म्हणत म्हणतच त्यानं गोळ्या घेतल्या. बाई मला म्हणाल्या, "बघितलंत? बाटली बदलली तरी मला कळतं." मी मान डोलावली. त्यांना खरंच कळतं असं मलाही वाटत होतं. पण जोशाच्या वेळी कळलं ते उसन्या बाटलीत रोग निघाला म्हणून. उसनी बाटली निरोगी निघाली तर काय, हा विचार आम्हां दोघांपैकी एकालाही शिवला नाही.

कोपरची जनाबाय आमच्याकडे आली ती त्या पावसाळ्यानंतर. नवरा-बायको मिठागरात कामाला. कडेवर चार वर्षांची पोर, हिरू. पोर म्हणजे नुसते डोळे. "ताप जातच नाय ओ," जनाबाय सांगायला लागली. "चार दीस बरी असते, परत हुडहुडी भरते. मुततांना रडते. आनि हातरून रोज वलं." कोपरच्या माणसांची ही एक सोय होती, त्यांच्याकडे त्या गोष्टीला शब्द होता आणि तो चारचौघांत म्हणायची त्यांना चोरी नव्हती.

डॉक्टरांनी सवयीनं पोरीचं तोंड उघडून बघितलं. "दात तर सगळे आलेत," ते जरा हिरमुसून म्हणाले. जंताचं औषध मागेच दोनदा झालेलं. क्विनाइन पाजून झालेलं. दात संपले, जंत संपले, मलेरिया संपला, आता करायचं काय? डॉक्टरांची पंचाईत झाली. तेव्हा नाइलाजानं त्यांनी कागदावर लिहिलं, 'लघवी तपासा', आणि मला वाटलं, चला, देव पावला.

दुसऱ्या दिवशी जनाबाय राखेनं घासलेली लखलखीत बाटली घेऊन आली. बाईंनी ती उजेडात धरली. पाण्यासारखी नितळ. यंत्र फिरवलं, थेंब बघितला, आठी पडली नाही. रिपोर्ट आला: हिरू, वय चार, सगळं निल.

डॉक्टर खूश. "काही नाहीये. लाडानं करते. जरा धाक दाखवा तिला." ते हे अर्धं इंग्रजीत म्हणाले. जनाबायला कळलं नाही, म्हणून मराठीत समजावून सांगणारा मी होतो.

आठ दिवसांनी ती परत आली. पोर तापानं फणफणलेली. डॉक्टरांनी पोट दाबून बघायला फ्रॉक वर केला, आणि बेंबीखाली दोन डाग दिसले, बोटाएवढे, अजून ओले. आजीनं तापलेल्या विळ्याचं टोक टेकवलं होतं. अंथरूण ओलं करणाऱ्या पोराला डाग द्यायची तिकडे रीत होती. उगाच त्यांनाच नावं ठेवायला नको, माझ्या धाकट्या भावाला आमच्या आईनं उदबत्तीनं दिलेला आहे, आणि आम्ही चांगले कुलकर्णी. डॉक्टरांनी डागांवर मलम लावलं, पुन्हा क्विनाइन लिहून दिलं, आणि पुढच्या रोग्याला आत बोलावलं.

माझ्याच्यानं राहवलं नाही. जनाबायला पायरीवर बसवून मी रस्ता ओलांडून बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. बाईंनी हातातली नळी खाली ठेवली.

"ताप किती?"

"एकशे चार."

"हुडहुडी भरते?"

"दात वाजतात."

"करताना रडते?"

"रडायची. आता करतच नाही. दाबून धरते दिवसभर. मार बसेल म्हणून."

बाई म्हणाल्या, "ती बाटली तिची नव्हती. आईला बोलवा."

जनाबाय आली, दाराशीच उभी राहिली. बाईंनी साध्या आवाजात विचारलं, कोणाची होती म्हणून. जनाबायनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हिरूची लय घान व्हती ओ बाय. गढूल. वास मारत व्हती. तुमी शिकलेल्या, चश्मा लावून बगनार. तशी घान तुमच्या म्होरं कशी आनू? मंग तिच्या भावाची, बाल्याची आनली. तो मोठा हाय, त्याची पान्यासारकी असते." आणि मग, आमचे चेहरे बघून, अगदी कळवळून, "देवाला काय कुजका नारल देतो का आपन?"

मला हसू आलं होतं, ते घशातच राहिलं. बाई तिच्यावर ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुझी चूक नाही," त्या म्हणाल्या. "कोणाची आहे, हे मी विचारायला पाहिजे होतं. मला वाटायचं मला कळतं."

तशाच त्या आमच्या दवाखान्यात आल्या. सात वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टरांना सांगितलं, तो रिपोर्ट चुकीचा आहे, पोरीला आत्ता औषध सुरू करा, बहुतेक मूत्रपिंडापर्यंत पोचलंय. डॉक्टरांनी खण उघडला. बाईंच्या आजवरच्या चिठ्ठ्यांत ज्यांनी पुड्या बांधल्या, त्यांनी हा एक रिपोर्ट मात्र सर्टिफिकेटासारखा जपून ठेवला होता. "सही तुमचीच ना?" ते म्हणाले. "मी आपला साधा माणूस. शास्त्र म्हणतं निल, तर मी कोण विरोध करणार?"

"मी तो रद्द करते."

"रद्द करायला दुसरा लागेल."

"आणते," बाई म्हणाल्या.

तिथल्या तिथे दवाखान्याच्या मोरीत प्रयत्न झाला. पण बस म्हटल्याबरोबर हिरूनं जी किंकाळी फोडली, ती बंद होईना. आईच्या लुगड्यात शिरून तिनं दोन्ही मुठींनी निऱ्या धरल्या. डॉक्टर आतून ओरडले, रोगी उठून बघायला आले, आणि जनाबाय पोरीला उचलून घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी बाटली उकळली, फडक्यात गुंडाळली, एका तांब्यात उकळून गार केलेलं पाणी घेतलं आणि मला म्हणाल्या, "मला कोपर माहीत नाही. चला." मी डॉक्टरांना पोट बिघडल्याचं कळवलं. रूळ ओलांडून पश्चिमेला उतरलो. तेव्हा तिकडे भातखाचरं आणि त्यापलीकडे मिठागरं. वाटेत स्टेशनकडे निघालेली ओळखीची मंडळी भेटत. "काय बाई, आज इकडे कुठे?" बाई सांगत, "लघवी आणायला." मंडळी झपाझप पुढे जात.

हिरू वाचली, हे मी आधीच सांगून टाकतो. लोकांचा जीव शेवटपर्यंत टांगून ठेवायचा, हे मला पटत नाही. बाईंनी त्या दिवशी दुपारी अडीच वाजता खिडकीपाशी तो थेंब बघितला आणि मलाही बघायला लावलं. पुवाच्या पेशींनी काच भरलेली, मध्ये मोकळी जागा अशी दिसतच नव्हती. डॉक्टरांनी नवा रिपोर्ट दोनदा वाचला आणि 'मला संशय होताच' असं म्हणून सल्फाच्या गोळ्या लिहिल्या. वर मुंबईच्या इस्पितळात पंधरा दिवस इंजेक्शनं घ्यावी लागली. आणखी महिना गेला असता तर नसतं जमलं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. पुढे मी आंबिवलीच्या गिरणीच्या दवाखान्यात नोकरीला लागलो आणि डोंबिवली सुटली. पण बाई म्हटलं की मला त्यांची खोली आठवत नाही, पाटी आठवत नाही. मिठागराच्या बांधावर बसलेल्या बाई आठवतात.

त्या सकाळी आम्हांला बघताच हिरू गोधडीतून उठून, तापातच, घरामागच्या बांधावर पळाली. आई मागे धावायला लागली, तिला बाईंनी थांबवलं. सगळ्यांना घरात घालवलं. मला म्हणाल्या, "तुम्ही तिकडे तोंड करून उभे राहा." मी खाडीकडे तोंड करून उभा राहिलो. ऐकू मात्र सगळं येत होतं.

बाईंनी तिला पाणी पाजलं. थोड्या वेळानं आणखी पाजलं. मग दोघी बसून राहिल्या. अकराचे बारा झाले. उजेड जायच्या आत परत पोचायचं होतं आणि पोर काही बसायला तयार नव्हती. मांड्या आवळून उभी. बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि आई तान्ह्या मुलापुढे करते तसा बारीक आवाज करायला लागल्या, "शूऽऽ... शूऽऽ..." ज्या बाईंनी चाळीच्या मालकाला गप्प केलं, त्या. मला तिकडे बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना.

"मना मारशील," हिरू म्हणाली.

"नाही मारणार."

"आजी बोलली, परत मुतलीस तं परत डाग."

"आता कोणी नाही देणार. दाखव बघू कुठे दिलाय."

मी वळून बघितलं. हिरूनं फ्रॉक वर धरला होता. बाईंनी चष्मा नीट केला आणि ते दोन डाग, अगदी जवळून, काचेवरचा थेंब बघायच्या तसे, बराच वेळ बघितले.

"हे माझ्यामुळे झालं, हिरू," त्या म्हणाल्या. "मी चुकीचं लिहिलं. माझं चुकलं गं."

"तू नाय दिलास. आजीनी दिला."

"मी लिहिलं, म्हणून आजीनं दिला."

हिरूनं यावर विचार केला. तिच्या घरात चुकलं की काय होतं, ते तिला पक्कं माहीत होतं.

"मंग तुला कोन मारनार?"

बाईंचा चेहरा वेडावाकडा झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि एका हातात तांब्या, दुसऱ्यात बाटली म्हणून पुसताही येईना. पोर त्यांच्याकडे टक लावून बघत होती. मोठं माणूस रडतंय म्हणजे आता मारणार नाही, असं तिला वाटलं असावं. ती हळूच खाली बसली.

बाईंनी तांब्यातल्या पाण्यानं तिला धुतलं, पहिली धार मातीत जाऊ दिली, आणि मग बाटली पुढे केली. पोर रडत रडत करत होती. बाई डाव्या हातानं तिची पाठ थोपटत होत्या आणि "झालं हं, झालं, शहाणी गं माझी" असं म्हणत होत्या. झाल्यावर हिरू उठली, फ्रॉक खाली ओढला आणि विचारलं, "जाऊ?" बाई म्हणाल्या, "जा." ती आईकडे गेली.

बाई मात्र तशाच उकिडव्या. दीड तास बसून गुडघे धरले होते. मी पुढे जाऊन हात दिला. त्यांनी माझ्या हातात बाटली ठेवली. कोमट होती, गढूळ होती.

"मला नंतर," त्या म्हणाल्या. "आधी ही धरा. सरळ."